मंडळीत नवे कसे रुजते

१. प्रश्न आणि त्यामागचे गृहीत

मंडळीत काही नवे सुरू करायचे म्हटले की लोक मागे का सरतात, हा प्रश्न चर्चला नियमित जाणाऱ्यांच्या तोंडी वारंवार येतो. तरुण संघातली मुले तो तक्रारीच्या सुरात विचारतात, बदली होऊन नव्याने आलेले पाळक काळजीने विचारतात. ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो: चालले आहे ते नीट चालले आहे, मग हे नवे कशासाठी? दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नव्याची ओढ किंवा नावड हा माणसांचा स्वभाव आहे, काही मंडळ्या मुळात मोकळ्या आणि काही मुळात कर्मठ, असे सगळेच मानून चालतात.

हा समज पारखून पाहायला अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, जिल्हा फार उपयोगी आहे. इथल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना दोनशे वर्षे होत आली. या काळात एकाच परंपरेतल्या, बऱ्याचदा त्याच घराण्यांतल्या माणसांनी एक नवी गोष्ट मनापासून उचलली आणि दुसरी तशीच राहू दिली. माणसे तीच असताना उत्तरे वेगळी येत असतील, तर त्यांचे कारण उपक्रमात आणि तो आणण्याच्या रीतीत शोधावे लागते.

पुढे जाण्याआधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. ‘मंडळी’ म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारा सभासदांचा समुदाय, इमारत वेगळी. ‘नवा उपक्रम’ मात्र चार वेगवेगळ्या जागी हात घालू शकतो. कधी तो उपासनेचे रूप बदलतो: चाल, भाषा, वाद्य, वेळ. कधी तो मंडळीच्या गळ्यात नवे काम घालतो: अभ्यासिका, दवाखाना, दुष्काळातली मदत. कधी तो अधिकार हलवतो, म्हणजे निर्णय कोण घेणार आणि पैसा कोणाच्या सहीने निघणार हे बदलतो. आणि कधी तो सीमेला स्पर्श करतो, म्हणजे आपला कोण आणि परका कोण या प्रश्नाला. या चारांत विरोधाची धार सारखी नसते. नगरच्या इतिहासात ती याच क्रमाने वाढत गेलेली दिसते.

२. निर्णय कोणाच्या हातात होता

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले. नगरचे ठाणे डिसेंबर १८३१ मध्ये उघडले आणि १८३३ मध्ये तिथली पहिली मंडळी रीतसर स्थापन झाली. हे मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेतले होते. या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते, पाळक स्वतः निवडते, सभासद कोणाला करून घ्यायचे हेही स्वतः ठरवते. तिच्या वर बिशप नसतो.

तत्त्व असे होते. व्यवहारात बराच काळ पैसा मिशनच्या अमेरिकेतल्या मुख्यालयाकडून, बोस्टनहून, येई आणि ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती निर्णय राही. त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत नगरच्या ख्रिस्ती माणसाला नव्या उपक्रमाबद्दल ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची वेळच फारशी आली नाही. शाळा उघडली तर मिशनने उघडली, बंद केली तर मिशनने बंद केली. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला मोकळेपणा म्हणता येणार नाही. पुढच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

यात बदल झाला तो १८५४ च्या सुमारास. हरिपंत रामचंद्र खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना त्या वर्षी पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नगरच्या व्यासपीठावर मराठी पाळक उभा राहिला. त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, मिशनची सूत्रे हलवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, कारभार स्वतः करावा आणि प्रसारही स्वतः करावा, असे त्यांचे मत होते. इंग्रजी शाळांपेक्षा खेड्यांतल्या मराठी मंडळ्यांवर भर द्यावा, हा त्यांचा आग्रह पुढे धोरण झाला. इंग्रजी शिक्षणाची दारे त्यामुळे आकसली, हा त्या धोरणाचा तोटा होता आणि तो सोसावा लागला नगर-मुंबईच्या मुलांना. मंडळीला स्वतःचा आवाज मिळण्याची सुरुवात मात्र याच काळातली आहे.

३. कीर्तन: जे रुजले

मंडळीने स्वतः उचललेल्या उपक्रमांत पहिला मान गाण्याचा. सुरुवातीची बरीच मराठी गीते मिशनऱ्यांनी रचली. नगरला दीर्घकाळ राहिलेले हेन्री बॅलंटाइन यांचा त्यात मोठा वाटा होता. शब्द मराठी होते, पण चाली पाश्चात्त्य. मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर चालते आणि इंग्रजी चाल आघातावर, त्यामुळे शब्द एकीकडे आणि सूर दुसरीकडे अशी ओढाताण होई. जात्यावरच्या ओव्या आणि एकादशीचे भजन ऐकत वाढलेल्या माणसाला ते गाणे पाठ होई, पण शेतात काम करताना आपसूक ओठांवर येत नसे.

१८६० च्या दशकात नगरच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन आकाराला आले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातले अग्रणी. कीर्तनाची मांडणी श्रोत्यांना ठाऊकच होती: पूर्वरंगात एखादे वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, मधून मधून पदे, साथीला टाळ-मृदंग. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे असे.

या प्रकाराबद्दल शंका घेणारेही होते. कीर्तन हे देवळाचे, मग ते चर्चमध्ये कसे, असे वाटणे स्वाभाविक होते. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले. ज्या देवळांनी त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, तिथली रीत आपल्या प्रार्थनाघरात कशाला आणायची, ही अढी कुणाच्या मनात असेल तर तिला कर्मठपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही कीर्तन टिकले, आणि ते ज्या पद्धतीने आले त्यात त्याचे कारण सापडते. कीर्तनाने रविवारच्या उपासनेतले काहीही काढून घेतले नाही. ते रात्री, शेतीची कामे आटोपल्यावर, चावडीपाशी किंवा मिशनच्या आवारात होई. ज्याला नको त्याला जाण्याची सक्ती नव्हती. ऐकायला अक्षरओळख लागत नसे, म्हणून घरातली म्हातारी माणसे आणि बाया पहिल्या दिवसापासून त्यात होत्या. शिवाय ते करणारा माणूस त्यांच्यातलाच होता.

या पायावर पुढे नारायण वामन टिळकांनी इमारत उभी केली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर ते नगरला आले. रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला सुरू केलेल्या धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत त्यांनी शिकवले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती आणि त्यांची पदे, अभंग त्याच वळणाचे आहेत. ‘ज्ञानोदय’ हे १८४२ मध्ये नगरला जन्मलेले नियतकालिक. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे होते आणि त्यातून हे अभंग घरोघर पोचले. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्रॉटेस्टंट मंडळीचे ‘उपासना-संगीत’ हे गीतपुस्तक उघडले तर टिळकांची गीते समोर येतात. एके काळी जे नवे आणि शंकास्पद होते तेच आता ‘आपले जुने गाणे’ झाले आहे. गिटार आणि कीबोर्डच्या विरोधात ज्येष्ठ सभासद ज्या परंपरेचा आधार घेतात, तिचा मोठा भाग असा बंडातून आलेला आहे.

४. देवाचा दरबार: जे रुजले नाही

याच टिळकांनी १९१७ मध्ये दुसरे पाऊल टाकले. मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना त्यांनी मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एका बंधुत्वात यावेत, आणि ते परदेशी संस्थांच्या छत्राबाहेर, हिंदी रीतीने चालावे, असे तिचे स्वरूप होते. ही कल्पना आजही धाडसी वाटते.

मंडळ्यांनी टिळकांवरचे प्रेम कमी केले नाही. त्यांची गीते आधीसारखीच गायली जात राहिली. दरबार मात्र संस्था म्हणून उभा राहिला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, म्हणजे त्याला दोन वर्षांचा अवधीही मिळाला नाही. पण काळ अपुरा पडला एवढे कारण पुरेसे नाही. दरबाराने सीमेला हात घातला होता. बाप्तिस्म्यासाठी ज्या कुटुंबांनी नातीगोती गमावली, गावकीतले हक्क पणाला लावले, त्यांना बाप्तिस्म्यावाचूनचे सभासदत्व म्हणजे आपण मोजलेली किंमत फुकट गेल्यासारखे वाटणे साहजिक होते. दुसरे असे की दरबारातला थोडासा भाग घेऊन पाहण्याची सोय नव्हती. एखाद्या रात्री कीर्तन ऐकून घरी जाता येते. आपला कोण, हे एका रात्रीपुरते बदलता येत नाही. आणि तिसरे, सारा भार एका माणसावर होता.

या तिसऱ्या मुद्द्याला त्याच घरात एक उलट उदाहरण आहे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य साडेदहा अध्यायांवर थांबले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यापुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. काव्य दुसऱ्या हातांत जाऊ शकले, दरबार गेला नाही.

५. पाच कसोट्या

नव्या गोष्टी लोक का स्वीकारतात याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात झाला आणि त्याची सुरुवात शेतीत झाली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले याची पाहणी ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. बियाणे उघडच जास्त पीक देणारे होते. तरी पाहणीतल्या शेतकऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांपर्यंत ते पोचायला तेरा-चौदा वर्षे लागली. बियाणे आहे ही बातमी विक्रेत्याकडून कळे, पण ते पेरायचा निर्णय शेजाऱ्याचे शेत पाहून होई. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

अशा अनेक अभ्यासांतून एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात पाच कसोट्या मांडल्या. नव्या गोष्टीचा जुन्यापेक्षा फायदा दिसतो का? ती आपल्या श्रद्धा-सवयींशी जुळते का? समजायला सोपी आहे का? थोडी करून पाहता येते का? आणि तिचे फळ इतरांना डोळ्यांनी दिसते का?

कीर्तन या पाचही कसोट्यांना उतरते. दरबार निदान दोनांवर अडतो: जुळणे आणि करून पाहणे. रॉजर्स यांच्या यादीत नसलेली एक कसोटी मंडळीच्या बाबतीत जोडावीच लागते, ती पैशाची. खेड्यातली मंडळी दशांशावर आणि सणाच्या दानावर चालते. हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाजी, अंडी, कोंबडी आणतात, त्यांचा लिलाव होतो आणि त्यातून वर्षाच्या खर्चाला हातभार लागतो. अशा ठिकाणी उपक्रम कितीही चांगला असला तरी बायामाणसे मनातल्या मनात हिशेब करतात, की पुढच्या वर्षी याचा खर्च कोण करणार. हा प्रश्न विचारणारे नव्याचे शत्रू नसतात. बाहेरच्या देणगीवर सुरू झालेले आणि देणगी आटताच बंद पडलेले बरेच काही त्यांनी पाहिलेले असते.

६. पहिली पंगत

एवढ्यावरही एक कोडे उरते. शेजारच्या दोन मंडळ्या, माणसे सारखी, उपक्रम एकच, तरी एकीकडे तो जोरात चालतो आणि दुसरीकडे पडतो. असे का?

लग्नघरी पहिल्या पंगतीला बसायला कुणी पुढे होत नाही. भूक सगळ्यांना असते, पण प्रत्येक जण इतर बसण्याची वाट पाहतो. कुणी दोघे बसले की बसेन म्हणतो, कुणाला अर्धा मांडव भरलेला लागतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हेच गणिताने मांडले. किती जण आधी सामील झालेले दिसले म्हणजे आपण होऊ, हा प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. त्याला आपण उंबरठा म्हणू.

समजा, एका मंडळीत शंभर प्रौढ सभासद आहेत. महिन्यातून एका रविवारी टाळ-ढोलकीवर भजनाची उपासना करायची, असा प्रस्ताव आला. एकाचा उंबरठा शून्य आहे: तो कुणी नसले तरी येणार. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे करत शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला येतो, त्याला पाहून एक उंबरठ्याचा येतो, दोघांना पाहून दोनचा येतो, असे होत होत शंभरही येतात.

आता शेजारच्या मंडळीत फक्त एक फरक करा. तिथे ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन आहे. बाकी सगळे तसेच. पहिला येतो. पण आता एकाला पाहून येणारा कुणीच नाही. दोघे लागतील असे दोन आहेत, आणि आलेला एकच आहे. उपक्रम एका माणसावर थांबतो. बाहेरून पाहणारा म्हणेल, ती शंभर टक्के मोकळी मंडळी आणि ही एक टक्का. खरे तर दोन्हींची मने जवळजवळ एकसारखी आहेत.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. एखादा उपक्रम पडला म्हणून ‘आमचे लोक तयारच नाहीत’ हा निष्कर्ष घाईचा असतो. आणि उत्साही माणूस एकटा असून भागत नाही. त्याच्यामागे लगेच येणारा दुसरा लागतो. मंडळीत हा दुसरा बहुधा व्यासपीठावर नसतो. महिला मंडळाची जुनी कार्यकर्ती, संडे स्कूलचे शिक्षक, अंत्यविधीला सगळ्यांच्या आधी पोचणारा पंच: यांच्यापैकी एक बसला की बाकीचे आपोआप सरकतात.

७. अधिकार बदलला तेव्हा: १९७०

अधिकाराला हात घालणारा सर्वांत मोठा बदल नगरच्या मंडळ्यांनी १९७० मध्ये पाहिला. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या त्याआधीच युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झालेल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च, सीएनआय, स्थापन झाले. बिशप नसलेल्या परंपरेला बिशप मिळाला. सभासदांच्या सभेच्या वर धर्मप्रांत आणि सिनड आले.

त्यासाठीची बोलणी १९२९ पासून सुरू होती, म्हणजे एकेचाळीस वर्षे. बाप्तिस्म्याच्या वादावर काढलेला तोडगा पाहण्याजोगा आहे. काही चर्च बालकांना बाप्तिस्मा देत, काही फक्त समजत्या वयात. एकाने दुसऱ्याची रीत घ्यावी असे न म्हणता दोन्ही रीती मान्य झाल्या. खेड्यातल्या माणसाच्या रविवारात गीतपुस्तक, बसायची जागा, पाळकाची ओळख यांपैकी फारसे काही हलले नाही. एवढी खबरदारी घेऊनही मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले, आणि गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांचा मालमत्तेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाण्याच्या चालीवरून कुणी इतक्या दूर जात नाही.

८. हरेगावची वाट

कॅथलिक चर्चमध्ये निर्णयाची दिशा वेगळी आहे. तिथे बदल वरून येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतल्या मिस्साला वाट मोकळी केली आणि लॅटिनची जागा मराठीने घेतली. सामान्य भाविकाला मत विचारलेले नव्हते. तरी श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावकडे पाहिले की, वरून आलेल्या गोष्टीलाही लोक स्वतःचे रूप कसे देतात ते दिसते. १९४९ पासून तिथे सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मसणाच्या सुमारास, मतमाउलीची, म्हणजे मरियेचीच, यात्रा भरते. नऊ दिवसांचा नोव्हेना ही प्रार्थना युरोपातून आली. पायी चालत येणे, नवस बोलणे, मुक्काम, जत्रेतली दुकाने हे सगळे इथल्या मातीतले. पंढरीची वारी आणि खंडोबाची जत्रा माहीत असलेल्या जिल्ह्यात यात्रा कशी करायची हे कुणाला शिकवावे लागले नाही. यात्रेला येणाऱ्यांत हिंदू भाविकही असतात, आणि त्यावरून सीमेचा वाद उभा राहत नाही, कारण यात्रेला येण्यासाठी कुणाला सभासद व्हावे लागत नाही. टिळकांच्या दरबारात जे अडले ते इथे सहज घडते.

९. टाळेबंदीतली परीक्षा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलचा ईस्टर देशभरातल्या चर्चांना बंद दाराआड करावा लागला. मोबाइलवरची उपासना, जिच्यासाठी एरवी पाच वर्षे चर्चा चालली असती, ती काही आठवड्यांत सुरू झाली. वरच्या कसोट्यांनी याचा उलगडा होतो. बदल रूपापुरता होता, खर्च किरकोळ होता, तात्पुरता आहे हे सर्वांना माहीत होते, आणि सगळे एकाच दिवशी सुरू करत असल्यामुळे दुसऱ्याची वाट पाहण्याचा प्रश्न राहिला नाही. नातवंडांनी आजी-आजोबांना फोन लावून दिला.

त्याच दिवसांत प्रभुभोजनाचा प्रश्न आला. पडद्यासमोर घरोघर भाकर आणि प्याला ठेवून, दुरूनच पाळकाने आशीर्वाद दिला तर ते प्रभुभोजन होईल का? यावर जगभरच्या चर्चांत एकमत झाले नाही. प्रवचन दुरून ऐकणे हा रूपाचा बदल होता. प्रभुभोजनात मात्र अधिकाराचा आणि सीमेचा प्रश्न गुंतलेला होता: भाकर कोण मोडणार आणि त्या मेजाशी कोण बसलेले आहे. कॅथलिक चर्चने या काळात मिस्सा पडद्यावर दाखवला, पण पवित्र भाकर घेण्याच्या जागी भाविकांना मनोमन ग्रहण करण्याची प्रार्थना दिली. दारे उघडल्यावर लोक बाकांवर परतले. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली मुले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे यांना मात्र मोबाइलवरची उपासना पुढेही उपयोगी पडत राहिली, कारण त्यांच्यासाठी ती बाकाच्या जागी आलेली नव्हती. बाक त्यांना आधीच दुरावला होता.